व त्याची बायको

आजोबांचं अक्षर फार सुंदर होतं. त्यांची तीन पत्रं आणि एका पंचांगाच्या समासात टिपलेला पावसाचा हिशोब, एवढंच आता घरात शिल्लक आहे. पण जो बघतो तो थबकतो. ओळ सरळ, काना खणखणीत, वेलांटी अशी की बघत राहावं. लहानपणी मी त्या वळणावर पाटी गिरवली. त्याच वळणात माणसं बांधली गेली होती, हे आजीनं सांगितलं तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची असेन.

आजोबा डहाणूकडच्या एका सावकाराकडे दिवाणजी होते. साधारण १९३५ पासून पुढची दहा-अकरा वर्षं. सावकाराची जमीन आत जंगलपट्टीत आणि वखार रेल्वेच्या रुळांजवळ. त्या मुलखात पैसा भातापेक्षा गवतात होता. मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना गवत लागायचं, ते इथून दाबून, गठ्ठे बांधून वॅगनीतून जायचं. दसरा झाला की कापणी सुरू. कापायचे वारली, वाहायचे वारली, गठ्ठे बांधायचे वारली. आजोबा वखारीत बसून वजन लिहायचे. आणि एक वही घरी आणायचे. रात्री कंदिलाशी बसून ती पुरी करायचे.

आजी अलिबागकडची. लग्न होऊन या गावात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. तिला अक्षरओळख होती, वाचायची हौस होती आणि घरात वाचायला त्या वहीखेरीज काही नव्हतं.

"एकेका माणसाचं एकेक पान," आजी सांगायची. "वर नाव, खाली पाड्याचं नाव, मग रक्कम, मग अंगठा. आणि अंगठ्याच्या खाली एक ओळ. 'व त्याची बायको.' पानामागून पान तेच. बायकोचं नाव म्हणून कुठे नाही. मी एकदा विचारलं ह्यांना, अहो, हिला नाव नाही का? तर म्हणाले, तिची रक्कम वेगळी नाही, मग नाव कशाला वेगळं?"

त्या पानांवरच्या माणसांना लग्नगडी म्हणत.

वारल्याचं लग्न म्हणजे भिंतीवर चौक हवा. गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक काढतात, मधोमध पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनी लग्न लागतं. चौक नाही तर लग्न नाही. तीच चित्रं आज शहरातल्या दिवाणखान्यांत, हॉटेलांच्या भिंतींवर, साड्यांच्या पदरांवर आहेत. ती दिसली की माझ्या मनात आधी खर्च येतो. गावाला भात घालायचा, ताडी-दारू आणायची, नवरीला लुगडं घ्यायचं. ज्याच्या घरी पावसाळ्यात नागलीची पेज एक वेळ शिजायची मारामार, त्यानं हे आणायचं कुठून? पुष्कळ जोडपी म्हणूनच लग्न न लावताच संसार करत. मुलं मोठी व्हायची, आणि कधीतरी मुलाच्या मांडवात बापाचंही लग्न लागायचं. लोक याला मागासलेपणा म्हणत. मला त्यात शहाणपण दिसतं. त्यांनी सावकाराचं दार टाळलेलं असायचं.

ज्यांनी टाळलं नाही ते वहीत गेले. पन्नास रुपये, ऐंशी, फार तर दोनशे. ते पैसे फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं, हा करार. मजुरी नाही, कारण मजुरी व्याजात जाते. व्याज किती, ते वही लिहिणारा सांगणार. पावसाळ्यात पोटासाठी खावटी म्हणून धान्य उचललं की ते सुगीला दीडपट-दुप्पट होऊन परत द्यायचं, नाही दिलं तर त्याच पानावर चढायचं. मग मुलं व्हायची. मुलं गुरं राखायला लागायची. आणि मुलगा लग्नाचा झाला की त्याच्यासाठी नवं पान.

"आणि त्याला उपकार म्हणायचे हो," आजी म्हणायची. "सावकारीणबाई मला सांगायच्या, आम्ही ह्यांची लग्नं लावून देतो."

जे लग्नगडी नव्हते तेही सुटे नव्हते. वेठ सगळ्यांनाच होती. सावकाराच्या शेतात, बागेत, घरात, बोलावणं आलं की जायचं, स्वतःचं भात उभं टाकून जायचं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारनं सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला आदिवासी भागाची पाहणी करायला नेमलं होतं. त्याच्या अहवालात हे सगळं आहे. वेठीचे दिवस किती, ते मालकाच्या गरजेवर. मोबदला जास्तीत जास्त दिवसाला एक आणा, बहुतेकदा तोही नाही, एका माणसाच्या एका जेवणापुरता तांदूळ. नाही म्हणणाऱ्याला मारहाण, खांबाला बांधून फटके. आणि कुळांच्या बायकांवर मालकांची नजर कशी असते, तेही त्यानं आडपडदा न ठेवता लिहिलं. सरकारच्या कपाटात हा कागद होता, आणि आमच्या घरात कंदिलाच्या उजेडात ती वही लिहिली जात होती, एकाच काळात.

मी पुढे शिक्षिका झाले, कायद्याची पुस्तकं वाचू लागले, तेव्हा एका गोष्टीनं मला हलवलं. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी किमतीसकट उघड लिहिलेली सापडते. १८४३ साली कंपनी सरकारनं कायदा करून अमुक माणूस माझ्या मालकीचा आहे हा दावा कोर्टात चालणार नाही असं ठरवलं. १८६० च्या दंडसंहितेनं गुलाम म्हणून माणूस विकणं-विकत घेणं गुन्हा केला. म्हणजे आजोबा दिवाणजी झाले तेव्हा गुन्हा ठरून पाऊणशे वर्षं झाली होती. त्यांना त्या वहीत 'विकत घेतला' असं लिहायची गरजच नव्हती. 'कर्ज' लिहिलं की भागत होतं. माणूस तोच, राबणं तेच, मारही तोच. फक्त कागदावरचा शब्द बदलला आणि कायदा समोरून निघून गेला.

आजीच्या गोष्टी एका बैठकीत कधीच आल्या नाहीत. एक तुकडा वाल सोलताना, एक दिवे लागल्यावर. पळालेल्या जोडप्याची गोष्ट तिनं मला फक्त एकदा सांगितली. तेव्हा नगर हवेली पोर्तुगीजांकडे होती. रान तुडवत गेलं, ओढा ओलांडला की दुसरं राज्य. एक लग्नगडी आणि त्याची बायको रात्रीतून तिकडे निघून गेले. सावकाराची माणसं चौथ्या दिवशी त्यांना घेऊन आली. खळ्यात खांब होता. आजी त्या दिवशी सावकाराकडे पापड लाटायला गेली होती. "आवाज पहिल्यांदा त्याचा आला," ती म्हणाली, "नंतर तिचा." मग पुष्कळ वेळानं म्हणाली, "आम्ही सात जणी लाटत होतो. एकीचंही लाटणं थांबलं नाही. माझंही नाही."

आजी हे सांगताना रडली नाही. मला मात्र त्या दिवसापासून पापड लाटायला बसवत नाही.

मग १९४५ आलं.

त्या साली जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथे इकडचे काही वारली गेले आणि शामराव आणि गोदावरी परुळेकरांना आपल्या मुलखात घेऊन आले. गोदावरीबाई पुण्याच्या, माहेरच्या गोखले, कायद्याचं शिक्षण घेतलेल्या. त्या रानात पाड्यापाड्यावर हिंडल्या, कुडाच्या घरांत राहिल्या, जे मिळेल ते खाल्लं. पुढे त्यांनी या दिवसांवर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं, ते मराठी वाचकाला ठाऊकच आहे. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरीला परिषद भरली. पाच हजारांच्या आसपास वारली जमले आणि त्यांनी शपथ घेतली: वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राहायचं नाही, मजुरी मिळाल्याशिवाय कुणाच्या शेतात पाय ठेवायचा नाही.

पुस्तकात ही परिषद आहे, भाषणं आहेत, लाल बावटा आहे. आमच्या घरातली गोष्ट त्यानंतरच्या एका सकाळची आहे.

"नेहमी पहाटे अंगण झाडल्याचा खराटा ऐकू यायचा," आजी सांगायची. "त्या आवाजानं मला जाग यायची. त्या दिवशी जाग आली तीच उशिरा. खराटा नाही. विहिरीवर रहाट नाही. सावकाराच्या गोठ्यातून म्हशी ओरडत होत्या, त्यांना कुणी पाणी दाखवलं नव्हतं. मी दार उघडलं तर सगळ्या आळीत सगळ्यांची दारं उघडलेली आणि प्रत्येक दारात मालकीण उभी. कुणी कुणाशी बोलेना. काय बोलणार? आमच्या अंगणाचा केर कोण काढतं ते मी तोवर कधी बघितलंच नव्हतं. काम झालेलं असायचं, एवढंच ठाऊक."

मग आजीनं पदर खोचला आणि स्वतः अंगण झाडलं. आजोबा ओटीवर येऊन बघत राहिले. त्यांनी त्या दिवशी वही उघडली नाही.

काही दिवसांनी पाड्यांवरून माणसांचे जथे आले. ज्या घरी लग्नगडी होते त्या घरासमोर उभे राहिले, आणि आतल्या माणसांना हाक मारून बाहेर बोलावून घेऊन गेले. आजी सांगायची, जाणाऱ्यांतल्या कुणी मागे बघितलं नाही. कुणी शिवीगाळही केली नाही. सावकार दारात उभे राहून 'खातं आहे, खातं आहे' म्हणत होते.

ऑक्टोबरात गवत कापणीला आलं तेव्हा वारल्यांनी दर मागितला. ५०० रत्तल गवताला अडीच रुपये. मागणी एवढीच. १० ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो वारली जमले होते. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशा अफवा पेरून वारल्यांना बोलावलं गेलं होतं. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. त्यांतल्या जेठ्या गांगडचं नाव आजही त्या भागात दरवर्षी १० ऑक्टोबरला घेतलं जातं. माणसं गोळ्या झाडल्या तरी हटली नाहीत, कारण बाई आल्या तर त्यांना एकटं कसं टाकायचं?

आजोबांनी त्यानंतर वर्षभरात नोकरी सोडली. का सोडली हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी त्यांच्या वतीनं काही सांगणार नाही. दर वाढला, धंदा मोडला म्हणून असेल. लाज वाटली म्हणून असेल. ती वही सावकाराकडे राहिली. माझ्याकडे फक्त अक्षर आलं.

१९८९ पासून मी डहाणूच्या पूर्वेला एका आश्रमशाळेत शिकवत होते. दिवाळीची सुट्टी संपली की वर्गात अर्धी बाकं रिकामी दिसायची, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असायची, भिवंडीकडे, वसईकडे. ती पावसाच्या तोंडावर परत यायची. तोवर वाचायला विसरलेली असायची, पण हजार विटांचा हिशोब तोंडपाठ.

आठवीत एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. गणितात हुशार, बोलायला लाजरी. १९९८ च्या दिवाळीनंतर ती आली नाही. तिच्या मैत्रिणींनी सांगितलं, लग्न झालं, भट्टीवर गेली. पंधरा वर्षांची पोर. फेब्रुवारीत मी आणि एक सहकारी शिक्षक तिला शोधत भट्टीवर गेलो. ती चिखल तुडवत होती, तिचा नवरा साच्यात विटा पाडत होता, तोही मिसरूड न फुटलेला. मला बघून ती हसली. "बाई, इथं कोणी मारत नाय," तिनं आपणहून सांगितलं, मी काही विचारायच्या आधीच. "हिशोब झाला की येते."

भट्टीवाल्याला एकटा माणूस नको असतो, जोडपं लागतं. पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, त्याचा माणूस पाड्यावर येतो आणि बयाणा देऊन जातो. त्या बयाण्यावर या दोघांचं लग्न झालं होतं. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, मीठ-मिरचीपुरती. बाकी सगळा हिशोब मोसमाच्या शेवटी. त्या हिशोबात बयाणा वजा, खर्ची वजा, पावसानं भिजलेल्या विटा वजा, आजारी पडलेले दिवस वजा. पैसे फिटले नाहीत तर पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा याच भट्टीवर यायचं.

मी मुनीमाला म्हटलं, हिच्या खात्याचं पान बघू. त्यानं सहज दाखवलं, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यालाही वाटत नव्हतं. वर नवऱ्याचं नाव. रक्कम. आणि पुढे लिहिलेलं, 'जोडी १'.

मी ते पान बघितलं, आणि परत आले.

हे लिहायला मला फार वर्षं लागली. मी आजीची गोष्ट ऐकून वाढले होते. लग्नगडी म्हणजे काय हे मी मुलांना तास घेऊन शिकवलं होतं. तीच गोष्ट डोळ्यांसमोर उभी असताना मला ती ओळखता आली नाही, कारण ती मुलगी हसली होती, तिला कुणी मारत नव्हतं, आणि ती 'आपल्या मर्जीनं' आली होती. मी एका कार्यालयात जाऊन सांगितलं. तिथल्या साहेबांनी समजावलं, अहो, हा ॲडव्हान्स आहे, सगळेच देतात-घेतात, यात बिगार कुठे आली? मला ते पटलं. पटलं, म्हणजे मी घरी येऊन जेवले. ती मुलगी जूनमध्ये पाड्यावर परत आली, शाळेत नाही.

तेव्हा मला जे ठाऊक असायला हवं होतं ते कायद्यात तेवीस वर्षं आधी लिहिलेलं होतं. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानं माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्ही एकाच वाक्यात बंद केले आहेत; घटनाकारांना त्यांचं नातं कळलं होतं. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला गेला. त्यानं नुसतं राबणं बंद केलं नाही, ते कर्जच रद्द केलं. असं कर्ज वसूल करणंसुद्धा गुन्हा. आणि हे वेठीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर, घेणाऱ्यावर नाही. सोडवण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं, प्रांतांचं. त्यांनी मुक्ततेचा दाखला द्यायचा आणि पुनर्वसन करायचं. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं सांगितलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत माणूस राबतो, तेव्हा त्याच्यावर भुकेची सक्ती असते, आणि तीही सक्तीच. आजच्या भारतीय न्याय संहितेत मानवी तस्करीचं १४३ वं कलम आहे. पिळवणुकीसाठी फसवून, धाक दाखवून, सत्तेचा गैरवापर करून किंवा पैसे देऊन माणूस मिळवला, नेला, ठेवला, तर तो गुन्हा. आणि त्या माणसाची संमती होती ही सबब तिथे चालत नाही. 'मर्जीनं आले' या शब्दांचं वजन कायद्यानं शून्य केलं आहे. मी मात्र ते शब्द ऐकून परत फिरले होते.

माझ्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या ठाण्यात, हे ओळखणारी माणसं होती. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई तालुक्यातल्या दहिसरला कर्जापायी बांधलेली आदिवासी कुटुंबं बघितली, आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. झरीच्या शपथेला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती आणि लग्नासाठी घेतलेल्या पैशांत माणसं अजून अडकलेलीच होती. पंडितांनी सोडवणुकीचे अर्जही भरले, मोर्चेही काढले. मला वाटतं खरं काम त्या अर्जांनी केलं. वहीला उत्तर कागदानंच द्यावं लागतं.

आता मी निवृत्त आहे आणि पाड्यांवर, बचत गटांत, शाळांत जाऊन बोलते. जनजागृती म्हणतात त्याला. पहिल्या एका कार्यक्रमात भिंतीवर भित्तिपत्रक लावलं होतं: साखळदंडात जखडलेले दोन हात. बायका बघून म्हणाल्या, असलं आमच्याकडे काय नाय. खरंच होतं. साखळदंड त्यांच्याकडे कुणी आणला नव्हता. मी ते पत्रक काढून ठेवलं आणि विचारलं, तुमच्या हिशोबाची वही कुणाकडे असते? खोलीत शांतता झाली. मग एक जण म्हणाली, शेठकडे. मग विचारलं, मोसमाच्या मध्येच निघून यावंसं वाटलं तर येता येतं का? आधार कार्ड कुणाजवळ असतं? मागच्या साली किती फिटलं, किती उरलं, हे कुणी तुम्हाला मोजून दाखवलं? त्या दिवशी कार्यक्रम दुपारी संपायचा होता, संध्याकाळ झाली.

वीटभट्टी हे एकच ठिकाण नाही. बीडकडे ऊसतोडीला मुकादम उचल देतो, ती 'कोयत्या'वर. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. दोन माणसं, एका अवजाराचं नाव. बाईची पाळी, बाळंतपण, आजारपण म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड. तिथल्या किती बायकांनी ऐन तरुणपणी गर्भाशय काढून टाकलं, हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीतली मुलं मेंढ्या राखायला दिलेली आढळली. काही हजार रुपये, सोबत एखादी मेंढी, एवढ्या मोबदल्यात. एक लहान मुलगी मेली तेव्हा ते कळलं. जगाचा आकडाही आहे: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार ४ कोटी ९६ लाख माणसं आधुनिक गुलामगिरीत आहेत, त्यांतली २ कोटी २० लाख सक्तीच्या लग्नात. मी हा आकडा कार्यक्रमात सांगत नाही. कोटींमध्ये कुणाला आपली पोर दिसत नाही. मी सांगते की मूल कुठे राबताना दिसलं तर १०९८ वर फोन करा, फुकट वकील हवा तर १५१००, आणि अर्ज लिहायचा असेल तर माझ्याकडे या, माझं अक्षर चांगलं आहे.

एक गोष्ट राहिली.

आमच्या शाळेजवळच्या पाड्यावर एक म्हातारी होती. सत्तरीची असेल. ती तरुणपणी कुणाकडे होती हे मला उशिरा समजलं. आजोबा ज्या सावकाराकडे होते, तिथेच. मी कोण हे तिला मी सांगितलं नव्हतं, धीर झाला नव्हता. ८ ऑक्टोबर १९९६ ला गोदावरीबाई गेल्या. पाड्यावरची माणसं तलासरीला निघाली, म्हातारीला चालवत नव्हतं म्हणून ती मागे राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, आजोबांचं नाव, वखार, वही. तिनं ऐकून घेतलं. "दिवाणजी," ती म्हणाली. "त्यानं माझं नाव नाय लिवला." तिला वाचता येत नव्हतं. तरी तिला ठाऊक होतं.

मी तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी ते माझ्या वहीत लिहून घेतलं, तिच्यासमोर, आणि बोट ठेवून दाखवलं.

मग मी तिला त्या सकाळबद्दल विचारलं. आजीनं मला त्या सकाळचं अंगण सांगितलं होतं, विहीर, ओरडणाऱ्या म्हशी, दारात उभ्या राहिलेल्या मालकिणी. पण त्या वेळी खराटा धरणारी बाई कुठे होती, ती काय करत होती, हे आजीला कधी कळलं नव्हतं, आणि मला ते हवं होतं. म्हातारीनं तिच्या बोलीत सांगितलं, मी माझ्या भाषेत लिहिते. तेव्हा तिचं पहिलं मूल चार महिन्यांचं होतं. रोज ती त्याला पहाटे अंधारात घाईघाईनं पाजून निघायची, आणि परत यायची ती दिवस मावळल्यावर. मधल्या वेळी सासू त्याला पेजेचं पाणी द्यायची. दुपारी सावकाराच्या अंगणात काम करताना तिची चोळी भिजायची.

"त्या दिवशी गेले नाही," ती म्हणाली. "कूड धरून बसले. पोराला घेतलं. ते प्यायलं, झोपलं. उठलं, परत प्यायलं. ऊन दारातून आत आलं तरी मी तिथंच."